जाळीबाहेरचा पाडवा

॥ श्री ॥

वस्ती, दौलताबाद
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस आत्याचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इथं सगळी माणसं धड आहेत. आमचे मालक, म्हणजे तुझे कडूबामामा, त्यांचा गुडघा सोडला तर कोणाचं काही दुखत नाही. घरात फोन असताना आत्या पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. तर ऐक. आपल्या वस्तीवरचा भारत त्या मोबाईलवरच्या बातम्यावाल्या राजनंदिनीबाईशी फोनवर चार शब्द बोलला, की कडूबाकडं संस्थेचा मेंढा आलाय म्हणून. तिनं ते टेप केलं, मागं भुताच्या पिक्चरसारखं संगीत लावलं आणि जिल्हाभर फिरवलं. तेव्हापासून मामांचं फर्मान आहे की मेंढ्याबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण असं आता कामाला येतंय.

भाऊबीजेला दादा आला होता, तुझा आप्पा गं. अनारसे खाल्ले, तुझ्या लग्नाची काळजी केली आणि गेला. आमच्या इंद्रजीतला तू हो म्हणाली असतीस तर आज मामाची लेक म्हणून हक्कानं घरात असतीस आणि मला टपाल लागलं नसतं. असू दे, चिडू नको.

आता कामाचं. तू नोकरी करतेस त्या संस्थेनं घरामागं जाळीचं आवार बांधून दिलंय, त्यात तो मेंढा, आपला साहेब, आणि निवडून दिलेल्या मेंढ्या. (त्याच्या कानात नंबर आहे, पण कागदपत्रं घेऊन आला म्हणून आम्ही त्याला साहेबच म्हणतो.) कुलपाची किल्ली माझ्याकडं. पाडव्याची आपली चाल तुला ठाऊक आहे. घरच्या बाईनं घरच्या नराला ओवाळायचं, आपल्या हातानं त्याला मोकळं करायचं, मग सगळ्या वस्तीची मेंढरं एकत्र पळवायची. त्या दिवशी कोणाचा नर बांधलेला राहिला तर त्या घरचं मेंढरांचं वाडगं वर्षभर वांझ राहतं, असं माझ्या सासूबाई सांगत. मी ताट घेऊन जाळीपाशी गेले आणि क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू. पण तुझं ते माहितीपत्रक मी पाठ होईपर्यंत वाचलंय. त्यात तू लिहिलंस की हा मेंढा परका नाही, आजोबांनी पारखून आणला असता तसाच हा पारखलेला, याला घरचाच समजा. मग घरच्याला पाडव्याला कोंडून ठेवायचं का? मी कुलूप काढलं.

असा पळाला गं साहेब! सगळ्यांच्या पुढं. संध्याकाळी बिभीषणच्या वाडग्यात जाऊन उभा राहिला. बिभीषण म्हणजे मामांचा चुलतभाऊ, त्याचा नर गेल्या साली निळ्या जिभेच्या रोगात गेला, तो अजून दुसरा घेऊ शकला नाही. त्यानं दोन दिवस राहू द्या म्हणून मागितला. भावकीत नर मागितला की नाही म्हणत नाहीत. दोनाचे चार दिवस झाले, मग आणून जाळीत घातला.

काल तुमच्या संस्थेचा माणूस तपासायला आला. शिंगाला गुलाल बघून हसला, जाळी बंद असते ना म्हणून विचारलं. मी असते म्हणाले. तेव्हा ती बंदच होती. पण तेव्हापासून मनाला चैन नाही. पोरी, माझं काही चुकलं का? सरळ लिही.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेली,
सारजाआत्या


॥ श्री ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ४ नोव्हेंबर २०२५

ती. सारजाआत्यास योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभ्यानं दोनदा वाचलं. आत्या, चुकलं. पण तुझं नाही.

नीट सांगते, आधीच सांगायला हवं होतं. निळ्या जिभेचा रोग होऊ नये म्हणून साहेबाच्या जनुकांमधला एक बारीकसा भाग शास्त्रज्ञांनी मुद्दाम बदललाय, तो जन्मायच्याही आधी. हे काम अजून चाचणीतलं आहे. त्याला रोग होत नाही एवढं दिसलंय. त्याच्या पोरांना होतो का, त्यांच्यात दुसरं काही बिघडतं का, हे कोणालाच माहीत नाही. तेच बघायला जाळी आहे. जाळीबाहेरच्या एकाही मेंढीशी त्याचा संबंध येऊ नये, या अटीवर परवानगी मिळालीय.

माझ्या त्या वाक्याची गोष्ट ऐक. पत्रक लिहायच्या आधी आमच्या कार्यालयात अर्धा दिवस चर्चा झाली. आमचे प्रमुख सुदर्शन सर म्हणाले की जनुक हा शब्द ऐकला की लोक बिचकतात, पारख म्हटलं की मान डोलावतात. मग मी म्हटलं की आपल्याकडं आजोबा नर पारखून आणायचे, तसं लिहू या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी गुलमंडीवरून इमरती मागवली. मी धनगराची लेक, मला लोकांची भाषा येते, म्हणून माझं किती कौतुक झालं! वाक्य खोटं नव्हतं गं, पण अर्धंच होतं. आजोबांनी कधी मेंढ्याच्या आत हात घातला नव्हता, हा उरलेला अर्धा भाग मी लिहिला नाही. आणि तू माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून कुलूप काढलंस.

आता नियम सांगते. जाळीबाहेर संबंध आला तर त्या सगळ्या मेंढ्या ताब्यात घ्यायच्या आणि नष्ट करायच्या, असं परवानगीच्या कागदात आहे. म्हणजे बिभीषणमामांचं अख्खं वाडगं. मी अजून सरांना सांगितलेलं नाही. रोज सांगायला जाते आणि दाराशी जाऊन चहा झाला का विचारून परत येते.

त्यातल्या किती फळल्या, गाभण राहिल्या, ते मला कळव. आणि बिभीषणमामांना सांग की एकही विकू नका. का ते सांगू नको, मला थोडा वेळ दे. आप्पांना यातलं काही ठाऊक नाही. मामांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

आत्याची माया मागणारी,
योगिनी


॥ श्री ॥

वस्ती, दौलताबाद
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

नष्ट करायच्या हा शब्द मी मामांना वाचून दाखवला नाही. तेवढी ओळ सोडून पुढचं वाचलं. पोटुशी मेंढी आपल्यात खाटकालासुद्धा देत नाहीत, तिचा शाप लागतो म्हणतात. आणि तुझ्या कागदात ते एका ओळीत बसतं होय?

तू विचारलंस म्हणून सांगते. साहेबाकडून लागलेली एकही मेंढी उलटली नाही, परत माजावर आली नाही. म्हणजे त्या सगळ्या गाभण धरायच्या. बिभीषण तर हवेत आहे. रोज येऊन सांगतो की वहिनी, तुमच्या साहेबानं माझं वाडगं उभं केलं, आता कोकरांना रोग नाय, लई उपकार झाले. त्याची बायको मंजुळाबाई मला शेवग्याच्या शेंगा आणून देते. त्या शेंगांची भाजी मी माझ्या ताटात घेत नाही. एकही विकू नको असं मी त्याला सांगितलं, तर म्हणतो, विकायला काय वेड लागलंय का मला.

इकडं बातम्यांनी वात आणलाय. राजनंदिनीबाईनं किल्ल्याचं चित्र लावून खाली लिहिलं की पायथ्याशी राक्षसी मेंढा. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या वाहिनीनं लिहिलं, मराठवाड्याचा चमत्कार. दोघांनीही चित्रात दाखवलेला मेंढा आपला नव्हेच, कुठला परदेशी गलेलठ्ठ बघून उचललाय. साहेब बिचारा सकाळी शिंकतो आणि दिवसभर रवंथ करतो. हे लोक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. पण हाकतात मात्र आम्हालाच. किल्ल्याखालच्या खाणावळवाल्यानं आपल्या वस्तीचं बोकड घेणं बंद केलं. बाजारात एका बाईनं मला विचारलं, हे मटण खाल्लं की अंगावर लोकर उगवते हे खरं का? मी म्हणाले, उगवली तर तुझी घोंगडी फुकट होईल. हसली नाही ती. मागं सरकली.

आणि खरं सांगू का, त्या बाईच्या डोळ्यातलं भय बघून मला राग नाही आला. माझ्याही मनात तेच भय आहे. फरक एवढाच की तिला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि मी रोज बिभीषणच्या ओट्यावर बसून चहा पिते. किती दिवस पिऊ? तू वेळ मागितलास, तो दिला. पण मेंढीच्या पोटातला जीव तुझ्यासाठी थांबणार नाही. फाल्गुन संपता संपता त्या व्यायला लागतील.

जेवत जा. दादाला माझा नमस्कार.

मनातून कधी न उतरवणारी,
सारजाआत्या


॥ श्री ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. सौ. सारजास आप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तू जाणतेस. कंपनीत तीस वर्षं सही करण्यापुरतंच पेन धरलं. पण पोरीच्या पर्समध्ये तुझी दोन्ही पत्रं सापडली. शोधत नव्हतो, डोकेदुखीची गोळी बघत होतो. वाचली. रागावू नको.

परवा इथं सभागृहात मोठी चर्चा ठेवली होती, नव्या जनुक तंत्राचं भलंबुरं असा विषय होता. एका बाजूला ती बातम्यावाली राजनंदिनी आणि दोन पुढारी, दुसऱ्या बाजूला संस्थेची मंडळी. आपली योगिनी मंचावर! मी पुढच्या रांगेत बसलो होतो, छाती फुगली होती. तेवढ्यात त्या बाईनं सरळ विचारलं की तुमचा मेंढा जाळीबाहेर कधी गेला का? योगिनीनं सुदर्शन सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली की नाही, एकदाही नाही, गेला असता तर नियमानं त्या सगळ्या मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या असत्या. टाळ्या पडल्या. ती मात्र टाळ्या संपायच्या आत खाली बसली. घरी आल्यापासून पोरगी ताटावर बसते आणि उठते.

सारजे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडली तर तिची नोकरी जाईल, नाव जाईल, आणि जमत आलेली सोयरीकही. मेंढ्या काय, मेंढ्याच राहतील. कोकरं होतील, मोठी होतील, कोणाला काय कळतंय? आजवर दर भाऊबीजेला तू मला ओवाळलंस आणि मी जमेल ते ताटात टाकलं. यंदा मी तुझ्याकडं ओवाळणी मागतो. गप्प राहा. तिलाही गप्प राहायला सांग. या पत्राचं तिला कळू देऊ नको.

तुझाच,
आप्पादादा


॥ श्री ॥

वस्ती, दौलताबाद
दि. २१ डिसेंबर २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद. वि. वि.

तुझी चर्चा आम्ही त्याच दिवशी बघितली, लिहायला मात्र दोन आठवडे लागले. इंद्रजीतनं मोबाईल खांबाला बांधला आणि सगळी वस्ती ओट्यावर बसली. तू मंचावर आलीस तेव्हा शेजारच्या वच्छलाबाईनं तुझी दृष्ट काढली. बिभीषण सगळ्यात पुढं, मांडी घालून. सगळ्यांना सांगत होता की कडूबाची भाची आहे, माझीपण भाचीच लागते.

मग तू ते बोललीस.

साहेब पाडव्याला पळाला हे प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलेलं. सगळे आधी मोबाईलकडं बघत होते, मग बिभीषणकडं बघायला लागले. मारून टाकाव्या लागल्या असत्या, हे त्यानं तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. एकही विकू नको असं मी का सांगितलं होतं, तेही त्याला त्याच वेळी उमगलं असणार. मंजुळाबाईनं चहा पुढं केला होता. तो त्यानं न पिताच बाजूला ठेवला. उठला, पायतान घातलं आणि गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं वाडगं रिकामं होतं. संक्रांतीनंतर निघतो दरवर्षी, यंदा आत्ताच मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या अंगाला गेला. फोन बंद. मंजुळाबाईला दार उघड म्हटलं तर आतून म्हणाली की तुमच्याकडच्या लोकांना आमची मेंढरं दाखवायची नायत. तुमच्याकडचे लोक! चाळीस वर्षं आमची चूल एकमेकींच्या विस्तवावर पेटली.

पोरी, आता हे वाटेवर गेलं. वाटेत किती कळप भेटतील, कोण कोणाला काय विकेल, कोणाला ठाऊक. मी तुला बोल लावत नाही. मीही जाळी बंद असते म्हणालेच होते की. एका माणसानं माझ्याकडं गप्प राहायची ओवाळणी मागितली होती आणि मी ती देणारही होते, माया फार वाईट असते. पण बिभीषणनं ठेवलेला तो चहा दिवसभर तिथंच राहिला, मला तो उचलवेना. माझ्याकडून आता गप्प राहणं होणार नाही. तू बोलणार असशील तर मी तुझ्याशेजारी उभी राहीन. तू नाही बोललीस तर मी एकटी बोलेन, आणि मग तुझं नाव माझ्या तोंडून जाईल. तशी वेळ माझ्यावर आणू नको, बाई.

तुझीच, रागावले तरी तुझीच,
सारजाआत्या


॥ श्री ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ८ फेब्रुवारी २०२६

ती. सारजाआत्यास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर दुसऱ्या दिवशी मी सरांच्या दारात गेले आणि चहाचं विचारलं नाही. सगळं सांगितलं. सरांनी उठून दार लावलं. मग म्हणाले की ठीक आहे, पण याला सुटका म्हणू नका, अनियोजित संपर्क म्हणा, आणि तसं निवेदन तूच लिही, तुला लोकांची भाषा येते. आत्या, मला तेव्हा फार रडू आलं. मी म्हणाले की लोकांची भाषा येते म्हणूनच मला हे लिहिता येणार नाही.

निवेदन दुसऱ्यानं लिहिलं. राजनंदिनीला मी स्वतः फोन केला आणि म्हटलं की टेप करा, मी मंचावर खोटं बोलले होते. तिनं टेप केलं, त्यातलं एक वाक्य ठेवलं आणि वर लिहिलं, राक्षस मोकाट. चमत्कारवाल्यांनी माझं नावच काढून टाकलं. लोकांशी बोलायचं काम माझ्याकडून गेलं, आता मी मागच्या खोलीत फाईली लावते. सोयरीकही गेली. आप्पा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला भाकरी कुस्करून दिली आणि तुझ्याकडं ओवाळणी मागितल्याचं सांगितलं. तुम्ही दोघं बहीणभाऊ मला वेड लावाल.

एक चांगलं झालं. परवानगी देणाऱ्या समितीपुढं मी उभी राहिले. तज्ज्ञांनीच सांगितलं की मेंढीच्या स्वतःच्या अंगात काही बदलत नाही. तेव्हा मेंढ्या मारायचं रद्द झालं. पण कोकरांचं रद्द झालं नाही. मार्च संपेपर्यंत कळप परत आला तर ठीक, नाहीतर ते गाड्या घेऊन शोधायला निघणार. मी सरांच्या हातापाया पडून म्हटलं की आधी मला पत्र लिहू द्या.

सोबतचं पत्र बिभीषणमामांना आहे. पैठणच्या पुढं दगडाबाईंच्या मळ्यावर ते दरवर्षी खतासाठी मेंढरं बसवतात, तिथं ते पोचव. आधी तू वाच. गोड काही लिहिलंय असं वाटलं तर फाडून टाक.

तुझ्या मायेवर उभी असलेली,
योगिनी

(सोबतचं पत्र)

ती. बिभीषणमामांना योगिनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मामा, मी मंचावर खोटं बोलले आणि त्याआधी पत्रकात अर्धं लिहिलं. आता पूर्ण लिहिते.

साहेब तुमच्या आजोबांनी आणला असता तसा मेंढा नाही. तो राक्षसही नाही. माणसांनी त्याच्या जनुकांमधला एक भाग बदललाय, निळी जीभ होऊ नये म्हणून. तुमच्या मेंढ्यांना त्यापासून काही होत नाही, हे तज्ज्ञांना पक्कं माहीत आहे. कोकरांपैकी साधारण निम्म्यांत तो बदल उतरेल. त्या कोकरांना रोग होणार नाही, असं त्यांना वाटतं. दुसरं काही होईल का, पुढच्या पिढीत काय होईल, हे त्यांना माहीत नाही. मलाही नाही. खाल्लं तर बाधेल असं कोणी म्हणत नाही, आणि बाधणार नाही असं लिहून द्यायलाही कोणी तयार नाही.

तुम्ही परत आलात तर मेंढ्या तुमच्याच राहतील. कोकरांचं रक्त तपासतील. ज्यांच्यात बदल नाही ती तुम्हाला देतील. ज्यांच्यात आहे ती मारतील. ते मला थांबवता आलं नाही. मार्च संपेपर्यंत तुम्ही आला नाहीत तर ते गाड्या घेऊन शोधायला निघतील.

तुम्ही आलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. एवढंच मागते की कोणाला विकायची झाली तर त्याला हे सांगा. मला जे तुम्हाला सांगता आलं नाही, ते तुम्ही त्याला सांगा.

तुमची अपराधी भाची,
योगिनी


॥ श्री ॥

दगडाबाईचा मळा, पैठणपलीकडं
दि. २४ मार्च २०२६

चि. योगिनीला बिभीषणमामाचा आशीर्वाद.

अक्षर दगडाबाईच्या सुनेचं हाय, बोल माझं हायेत. तिला म्हटलं, जसं बोलतो तसंच लिव्ह, सुधारू नको.

तुझं पत्र भेटून लई दिस झाले. पयल्या डावाला वाचून घेतलं तवा असा राग आला की चुलीत घालणार होतो. दगडाबाईनं हातातून काढून घेतलं. मग म्या ठरवलं, पोरीच्या तोंडाला लागायचं नाय, गाभण मेंढरं हाय तशी कुणाला तरी देऊन मोकळं व्हायचं. एक बाजारवाला मळ्यावरच आला. मेंढरांच्या पोटाला हात लावून बघितला, खूश झाला. रुमाल टाकला, खाली बोटं धरली, आमचा भाव तसाच बोटांवर ठरतो. भाव बरा व्हता. बोट दाबायचं तेवढं राह्यलं व्हतं, आन् मला काय झालं कुणास ठावं, तुझं समदं पत्र माझ्या तोंडातून बाहेर पडलं. त्यो म्हणाला, म्हंजी वाईट हायेत का? म्या म्हणलं, ठावं नाय. मग चांगली हायेत का? म्या म्हणलं, त्ये बी ठावं नाय. त्यानं रुमालाखालून हात काढून घेतला. दुसरा आला, त्याचं बी तसंच झालं. तिसऱ्याला तर रुमाल टाकायच्या आधीच सांगून टाकलं. त्यो बैलगाडीतून उतरला बी नाय.

तवा मला कळलं की तू ष्टेजवर का खोटं बोललीस. खरं सांगितलं की समोरचा उठून जातो, आन् आपण रिकामा रुमाल धरून बसतो. माफी मागू नको आता. मी तुला ती दिली, आन् मंजुळालाबी सांग, सारजावहिनीला दार उघड म्हणावं.

आता खरं काम. चार दिसांपासून मेंढ्या व्यायला लागल्यात. निम्म्या झाल्या, निम्म्या राह्यल्यात. कोकरं लई गोड हायेत. एखादं उभं राह्यलं की पडतं, पडलं की वरडतं, मग मायला सापडतं. दगडाबाईची नातवंडं दिसभर त्यांच्यातच असत्यात. म्या एकेकाला उचलून तोंड बघतो, कान बघतो, पाय दुमडून बघतो. कुठलं साहेबाच्या वळणावर गेलंय आन् कुठलं आमच्या, मला कळत नाय. समदं आयुष्य मेंढरात गेलं माझं, मला बघून कळत नाय, आन् तुमच्या सुईला कळंल. असू दे. कळू दे.

कोकरं चालती झाली की मी माघारी निघतो. मार्च उलटला तरी गाड्या पाठवू नका म्हणावं त्यांना, म्या चालत आणतो, वाटंत कुणाच्या कळपात मिसळू देणार नाय, खंडोबाची आण. आल्यावर जाळीत घालतो, तुमची मान्सं येऊन रक्त काढू देत. म्या अडवणार नाय. पण त्यांच्या एक दिस आधी तू ये. एकटी ये, आप्पाला आणलंस तर चालंल. कोणतं जाणार आन् कोणतं राहणार त्ये कळल्यावर माझ्यानं तुला दाखवणं व्हायचं नाय. आधी ये. तवर समदी आपली हायेत.

तुझा,
बिभीषणमामा